पहिली शैला

मी लहानपणी फार गुणी होते, याबद्दल आमच्या सगळ्या नातेवाइकांचं एकमत आहे. त्यांतले निम्मे आता गेले; उरलेले कुठल्या लग्नाकार्यात भेटले की अजून तेच सांगतात. "शैला म्हणजे काय, बसवली तिथे बसायची. आवाज म्हणून नाही." पूर्वी हे ऐकून मला बरं वाटायचं, मग मध्ये काही वर्षं राग यायचा, आणि आता साठी जवळ आल्यावर मी नुसती मान हलवते आणि जिलेबी वाढून घेते. पण लिहायलाच बसले आहे तर हे एकदा नीट सांगून टाकते. ती गुणी मुलगी आजारी होती. तिचं कौतुक करणाऱ्या एकालाही ते कळलं नाही, आणि तिला स्वतःला तर नाहीच नाही.

आमचं घर बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बैठ्या चाळीत होतं. दोन खोल्या, पुढे हातभर ओटा आणि वर सिमेंटचे पत्रे. पार्कातली माकडं सकाळी त्या पत्र्यांवरून धावायची, तेव्हा खाली आम्हाला कुणी पोतंभर नारळ ओतल्यासारखं वाटायचं. दुसरा आवाज आईच्या शिलाई मशीनचा. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि ते दहिसरला प्लास्टिकचे डबे करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला जात. त्यांचा स्वभाव आधीच मवाळ, गिरणी गेल्यावर ते आणखी गप्प झाले. घरात बोलणारी माणसं दोन, आई आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेली नंदा. संध्याकाळी आई मशीन झाकायची आणि स्टोव्हवर भात चढवायची. एरवी सुकटाची चटणी नाहीतर कुळथाची पिठी, बाजारात बांगडा स्वस्त असला तर तिरफळं घातलेलं घट्ट कालवण, तिखलं. मी त्या वेळी स्टोव्हच्या इतकी जवळ बसायची, की आई म्हणायची, "माझी शैलू मला सोडत नाही." मी ऊब सोडत नव्हते. पण हे मला तेव्हा कुठे माहीत होतं.

आई ब्लाउज शिवायची, पण तिचा खरा हंगाम म्हणजे मे महिना, शाळांच्या गणवेशांचा. आजूबाजूच्या चार-पाच चाळींतल्या पोरी आमच्या ओट्यावर रांग लावायच्या. आई गळ्यातली टेप काढायची, प्रत्येकीला सरळ उभी करायची, खांदा, छाती, कंबर, उंची असं भराभरा मोजायची आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहून ठेवायची. ती वही मी पुष्कळदा चाळलेली आहे. कुठली मुलगी कोणत्या वर्षी किती वाढली, हे त्या वहीत एखाद्या दवाखान्यात असावं तसं लिहिलेलं असे. फक्त माझं आणि नंदाचं माप त्यात नव्हतं. आईच्या माहेरी, मालवणकडच्या गावात, अशी समजूत होती की आपल्या पोटच्या पोराला मोजू नये, वाढ खुंटते. मी एकदा विचारलं होतं, मग बाकीच्यांच्या मुली मोजतेस त्या? त्यावर ती म्हणाली, "ते कामाचं माप. ते लागत नाही." आमच्यासाठी ती वेगळी पद्धत वापरायची. जुना फ्रॉक कापडावर पसरायचा, चहूबाजूंनी दोन बोटं जास्त ठेवायची आणि कात्री चालवायची. नंदाचा नमुन्याचा फ्रॉक दरवर्षी बदलत गेला. माझा तिसरीपासून तोच राहिला. दोन बोटं जास्तीची जी ठेवली होती ती तशीच ढगळ लोंबत राहायची, आणि आई म्हणायची, शैलू कपडे कसे जपून वापरते बघा.

तिसरी ते सहावी ही जी तीन-साडेतीन वर्षं, तेव्हाचं मला फार काही आठवत नाही, आणि त्याचं कारणही बहुधा तोच आजार असावा. आठवतो तो एक प्रकारचा जडपणा. शाळेतून आले की मी झोपायची. उठून सावकाश, एकेक अक्षर कोरून गृहपाठ करायची. अक्षराबद्दल मला दोनदा कंपासपेटी मिळाली. मे महिन्यात चाळीतली माणसं ओटे पाण्यानं धुऊन तिथे बसत, तेव्हाही मी अंघोळीला कढत पाणी मागायची आणि वर बाबांचा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालायची. चेहरा गोल, गुबगुबीत. आवाज थोडा घोगरा. परसाकडचा त्रास इतका नेहमीचा, की दर रविवारी एरंडेलाचा चमचा हा घरातला नियमच झाला होता. यातली एकेक गोष्ट सुटी सुटी घेतली तर कुठल्याही घरात खपून जाते. थंडी वाजते म्हणजे नाजूक आहे, झोपते म्हणजे थकते, बोलत नाही म्हणजे संस्कार चांगले. प्रार्थनेच्या रांगेत मी हळूहळू पुढे सरकत पहिल्या नंबरावर आले, आणि मला तर तो मान वाटायचा.

पुढे तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. वर्गात दंगा करणाऱ्या पोरांकडे सगळ्यांचंच लक्ष जातं. मी मात्र नव्या वर्गावर गेले की आधी जी मुलं काहीच त्रास देत नाहीत त्यांच्याकडे बघायची. त्यांच्या आईला हळूच विचारायची, हिचे गेल्या वर्षीचे बूट होतात का हिला अजून? काही आया रागावल्या. एका बाईंनी मुख्याध्यापकांकडे माझी तक्रारही केली, की तुमच्या मॅडमना शांत मुलं चालत नाहीत. ते अगदीच खोटं नव्हतं.

तर नंदा नऊ वर्षांची आणि मी अकरा वर्षांची असताना आमच्या घरात एक उलटा प्रकार सुरू झाला. धाकटीला आखूड झालेले कपडे थोरलीला येऊ लागले. आईनं ते ठरवून केलं नव्हतं. नंदाचा एक परकर-पोलका तिला घट्ट झाला, टाकायला जीव होईना, आणि मला बरोबर बसला. चाळीत नवी आलेली माणसं विचारायची, "जुळ्या का हो?" आई हसून म्हणायची, "जुळ्याच समजा." नंदाला याचा फार आनंद. ती मला अरे-तुरे करायची ते सोडाच, चक्क "ए बारकी" म्हणायची, आणि मी ते ऐकून घ्यायची.

पलीकडच्या गल्लीत मालतीबाई राहायच्या. सरकारी हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या, अंगानं भरलेल्या, बोलायला फटकळ. मे महिन्यातल्या एका दुपारी त्या ब्लाउजच्या बाह्या सैल करून घ्यायला आल्या होत्या. मी ओट्यावर स्वेटर घालून हुकं-काजं करत बसले होते. त्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली, माझे हात आपल्या हातात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"हिला ताप आहे का?"

"छे हो," आई आतून म्हणाली. "ती तशीच आहे. थंडी वाजते तिला."

"मे महिन्यात?"

"नाजूक आहे जरा."

"ह्या दोघींत मोठी कोण?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मालतीबाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा नळावर पाणी उडवणाऱ्या नंदाकडे बघितलं. "तुझी ती लाल वही आण," त्या आईला म्हणाल्या. "गेल्या वर्षी हिची उंची किती होती दाखव. त्याच्या आधीच्या वर्षीची पण."

आईनं वही आणली. ती पानं उलटू लागली, जणू कुठेतरी लिहिलेलं सापडेल अशी. चाळीतल्या एकूणएक पोरी त्या वहीत होत्या. शिंद्यांची मंगल तीन वर्षांत वीतभर वाढलेली, गुजराती बिऱ्हाडातली हेतल तर त्याहून जास्त. आईचं बोट पानावर खाली खाली जात राहिलं आणि थांबलं. मग ती उठली, आतल्या खोलीतल्या पेटीतून माझा नमुन्याचा फ्रॉक घेऊन आली आणि मला तो घालायला लावला. निळा, पोल्का ठिपक्यांचा, तिसरीतल्या गणपतीत शिवलेला. तो मला झाला. पाठीचं बटण लागलं, खालचा घेर गुडघ्याखाली बरोबर जिथे हवा तिथे आला. आई माझ्यासमोर उकिडवी बसली, तिनं फ्रॉकची किनार दोन बोटांत धरली आणि खाली ओढून पाहिली.

"तुझा काही गुन्हा नाही गं," मालतीबाई म्हणाल्या. "पण उद्या सकाळी हिला घेऊन ये. मी केसपेपर काढून ठेवते. हयगय करू नकोस."

हॉस्पिटलात आम्ही तीन खेपा घातल्या. रक्त दिलं, हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला. पायाचं किंवा डोक्याचं सोडून हाताचं चित्र कशाला, हे आईला कळेना. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असतील, खादीची साडी, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी तो एक्स-रे उजेडासमोर धरून आईला दाखवला. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनगटात जितकी हाडं दिसायला हवीत तितकी माझ्या मनगटात भरली नव्हती; हाडांच्या हिशेबानं मी सात-आठ वर्षांचीच होते. मग त्यांनी माझ्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला, मला आवंढा गिळायला लावला. "इथे थायरॉईड नावाची ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "घरात वातीचा स्टोव्ह आहे ना? तसं समजा. हिच्या स्टोव्हची वात खाली गेलीय. म्हणून थंडी, म्हणून झोप, म्हणून पोट साफ नाही, म्हणून वाढ थांबली. आपण रोज एक गोळी देऊन वात वर ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. दूध-चहा नंतर, तासाभरानं. एक दिवस चुकवायची नाही."

"किती दिवस?" आईनं विचारलं.

"आयुष्यभर धरून चला."

आईचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला आणि त्या पुढे झुकून बोलल्या. हे वाक्य मला अजून पाठ आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. "आणखी एक सांगून ठेवते. दोन-तीन महिन्यांत ही मुलगी बदलेल. बडबड करेल, एका जागी ठरणार नाही, उलट बोलेल. केस गळतील थोडे, परीक्षेत मार्कही खाली येतील. मग आई-बाप माझ्याकडे येतात आणि म्हणतात, डॉक्टर, औषधानं पोरगी बिघडली. बिघडलेली नसते. ती उठलेली असते. घाबरून गोळी बंद करायची नाही."

"माझी शैला तशी नाही हो," आई म्हणाली. "ती फार समजूतदार आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या दिवसापासून आईनं माझं माप घ्यायला सुरुवात केली. समजूत-बिमजूत सगळी गुंडाळून ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला भिंतीला टेकून उभी करायची, डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी धरायची आणि लाल वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची; माझ्या मागून नंदाचंही. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्या महिन्यात जरासं. मग मात्र मी अशी सुटले, की आईला हुरूप आला, ती बाबांना कामावरून आल्या आल्या आकडा सांगायची आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "वा." चेहऱ्यावरची सूज ओसरली, गालांची हाडं दिसू लागली. स्वेटर बाबांकडे परत गेला. एरंडेलाची बाटली कोनाड्यात धूळ खात पडली.

आणि मी बदलले. कसं सांगू? इतकी वर्षं मी जग पाण्याखालून ऐकत असेन आणि कुणी मला वर काढलं असेल तसं झालं. सगळं स्पष्ट, जवळ आणि फार मोठ्यानं ऐकू येऊ लागलं, आणि सगळ्यालाच काहीतरी उत्तर द्यावंसं वाटू लागलं. मी ओट्यावरून उडी मारायची. माकडांच्या मागे काठी घेऊन पार्कच्या भिंतीपर्यंत पळायची. नंदानं "बारकी" म्हटल्यावर मी तिच्या अशी एक ठेवून दिली, की ती दिवसभर गालाला हात लावून बसली. वर्गात बाकावर बसणं मला अशक्य झालं; बाई फळ्यावर लिहीत असायच्या आणि मी खिडकीबाहेरच्या कुल्फीवाल्याशी बोलत असायची. पहिल्या चाचणीत गणितात कशीबशी पास झाले. अक्षर तर असं बिघडलं, की बाईंनी आईला बोलावून विचारलं, घरी काही झालंय का? केसांचे पुंजके फणीत यायचे, त्यावरून मी आईवरच चिडायची. आईनं काम सांगितलं की "नंदाला सांग" हे माझं ठरलेलं उत्तर. एकदा ती मशीनवर होती, मी तिसऱ्यांदा तिच्या मागे काहीतरी भुणभुण लावली होती, तेव्हा तिनं पाय थांबवून कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "देवा, पहिली शैला बरी होती."

ती दमली होती. तिनं हे पुन्हा म्हटलंही नाही. पण मी ते ऐकलं. बारा वर्षांची होत आलेली मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की आईला आवडणारी एक मुलगी होती आणि ती आता मी नव्हते.

गणपती आमच्याकडेच असायचे. बाबांचे मोठे भाऊ, तात्या, कांदिवलीहून सकाळीच येत, कारण गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: कोकणात देवासमोर घरातला वडीलधारा माणूस नारळ ठेवून उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीनं देवाला मागणं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात "होय म्हाराजा" म्हणतात. त्या वर्षी दारातून आत येतानाच तात्यांनी मला पत्र्यावर चढलेली पाहिलं होतं. मोदकांच्या उकडीचा वास, उदबत्ती, काळ्या वाटाण्याची उसळ शिजत असलेली, आणि दोन खोल्यांत वीसेक माणसं दाटीवाटीनं उभी.

"बा देवा म्हाराजा," तात्यांनी सुरुवात केली, "आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे येवन उभी रवली आसत."

"होय म्हाराजा."

"त्यांची जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल."

"होय म्हाराजा."

"वसंताच्या नोकरीधंद्याक बरकत दी," बाबांचं नाव घेऊन ते म्हणाले. "नंदाक विद्या दी." तात्या थांबले आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आणि ह्या घरातलां थोरलां चेडू, शैला, तेच्या डोक्यात जा काय वारां शिरला हा, ता भायर काढ, आणि तेका पयल्यासारख्या शांत, गुणी कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबा म्हणाले. नंदा तर ओरडून म्हणाली. मी आईकडे बघत होते. तिचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते, आणि तिचे ओठ हलले. मग मीही म्हणाले, "होय म्हाराजा." सगळ्यांच्या मागून, एकटीच.

दुसऱ्या दिवसापासून मी गोळी घेतली नाही. त्यात काही अवघड नव्हतं. आई तळहातावर गोळी द्यायची, पाण्याचा पेला द्यायची, मी गोळी गालात ठेवून पाणी प्यायची आणि तोंड धुताना मोरीत थुंकायची. कुणावर सूड उगवायचा नव्हता, बंडही करायचं नव्हतं. देवाला जे मागितलं होतं त्याला मी मदत करत होते, इतकंच. वात खाली गेली की पहिली शैला परत येईल, असा माझा साधा सरळ हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. महिन्या-दीड महिन्यात मी दुपारची झोपू लागले. अक्षर सुधारलं. दिवाळीत मी न सांगता चकल्या पाडायला बसले आणि उठलेच नाही. भाऊबीजेला आलेले तात्या बाबांना म्हणाले, "बघ, देवान आयकल्यान." त्या दिवसांत आई माझ्या डोक्यावरून सारखा हात फिरवायची. त्या हातासाठी मी काहीही केलं असतं. करतच होते.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी तिनं मला भिंतीशी उभं केलं, पट्टी धरली, टेप लावली आणि भुवया चढवल्या. मला खाली बसवून तिनं टेप टेबलावर पसरवली आणि लाकडी पट्टी तिच्या शेजारी ठेवून इंच इंच जुळवून पाहिली. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि मग माप कमी दाखवते, हे शिंप्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. टेप ताणलेली नव्हती. तिनं नंदाला उभी करून मोजलं. नंदा वाढली होती. मग तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तिन्हीकडे एकच आकडा. गेल्या महिन्यात तिनं तो लिहिला होता, पण आधीच्या ओळीशी ताडून पाहिला नव्हता. तिनं नंदाला दूध आणायला पाठवलं, माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि माझे हात हातात घेतले. मालतीबाईंनी घेतले होते तसे, बराच वेळ.

"गोळी घेतेस ना?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"शैलू."

मला खोटं नीट बोलता येत नाही; आजही येत नाही. मी सगळं सांगितलं. मोरी, गाल, गाऱ्हाणं. ती रागावेल असं वाटलं होतं, म्हणून मी घाईघाईनं माझी बाजू मांडली. "तूच म्हणालीस पहिली शैला बरी होती. तुला ती आवडते. मला ही गोळीवाली आवडत नाही, मला पण नाही आवडत. ती वाईट वागते. मी आता बरी वागते ना?"

आईला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, आजी गेली तेव्हा. ह्या वेळी ती आवाज न करता रडली, आणि तिनं माझे हात सोडले नाहीत.

"तुझा आजार आवडला होता गं मला," ती म्हणाली. "तीन वर्षं. मला वाटलं तोच तुझा स्वभाव. काम करू देतेस, त्रास देत नाहीस, मागे मागे करतेस. माझं पोर माझ्या डोळ्यांसमोर विझत चाललं होतं आणि मी चार लोकांत मिरवत होते."

"तू पण होय म्हाराजा म्हणालीस."

"म्हणाले. चुकलं माझं." तिनं पदरानं नाक पुसलं. "तात्या काय, देव काय, मी बघते सगळ्यांचं. तू मला कशी हवीस ते मी तुला आज सांगते, नीट ऐक. तू मला उंच हवीस. बाकी जशी होशील तशी हो."

ती उठली, बाटलीतून गोळी काढली. सकाळ उलटून गेली होती, पोटात चहा-चपाती गेली होती, तरी तिनं ती मला तिथेच घ्यायला लावली आणि आ करायला सांगून जिभेखाली, दोन्ही गालांत बोट घालून बघितलं. पुढची दोन वर्षं ती रोज सकाळी तसं बघायची. सोमवारी ती मला घेऊन हॉस्पिटलात गेली आणि डॉक्टरीणबाईंना स्वतःच सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्या रागावल्या नाहीत. "तीन महिने गेले, भरून निघतील," म्हणाल्या. निघालेही. मी शेवटी नंदाहून तीन बोटं उंच झाले, आणि तिला ते आजही मान्य नाही.

आज मी पहाटे उठून तीच गोळी घेते. आता बाटली नाही, गोळ्यांची पट्टी आहे, आणि गालात बोट घालून बघणारं कुणी नाही. पण मला जे सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं. गळलेल्या केसांच्या जागी नवे आखूड केस उगवले होते आणि वेणीतून चहूकडे उभे राहत होते. शाळेला जायच्या आधी आई मला मांडीत धरून तेल थापत होती, आणि मी म्हणाले, मला बॉबकट करायचा आहे. ती नाही म्हणाली. मी म्हणाले, केस माझे आहेत. ती म्हणाली, डोकं पण तुझंच आहे, ते वापर जरा. मी फणी फेकली. तिनं मला फणी उचलायला लावली. मी म्हणाले, तू जगातली सगळ्यात वाईट आई आहेस; ती म्हणाली, आणि तू कोण मोठी लागून गेलीस, बसलीस तर जमिनीला पाय टेकत नाहीत नीट आणि बॉबकट पाहिजे. आवाज इतका चढला, की शेजारच्या शिंदेकाकू ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. आई मागे हटेना, मीही हटेना. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती मला शब्दाला शब्द देत होती, नंदाला देते तशी, बाबांना देते तशी. एरवी मी रडले असते. त्या दिवशी मात्र भांडता भांडता मला एकदम फार बरं वाटलं. आई माझ्याशी त्याआधी कधीच भांडली नव्हती. भांडायला तिच्यासमोर कुणी होतंच कुठे.